जामाच्या झाडाला जाळं

आमच्या घाटंजीकडे पेरूला जाम म्हणतात. पुण्याकडच्या पाहुण्यांना हे एकदा समजावून दिलं की पुढचं बोलणं सोपं जातं. आवारात जामाचं झाड असलेले गृहस्थ गावात पुष्कळ आहेत. पण त्या झाडावरच्या पाखरांशी ज्याचं भांडण नाही असा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे.

पाखरं हाकलायची विद्या तशी जुनीच. शेतात मचाण, हातात गोफण आणि गोफण येत नसेल तर बडवायला रॉकेलचा रिकामा डबा. पण राखणदार दमायचा, जेवायला जायचा. तेवढ्यात पाखरंही जेवून घ्यायची. बुजगावण्याला तर ती चार दिवसांत ओळखत आणि पाचव्या दिवशी त्याच्याच डोक्यावर बसून बेत ठरवत. म्हणजे भांडण होतं, पण बरोबरीचं होतं. आता नायलॉनची जाळी आली आहे. ती दमत नाही, जेवत नाही, आणि पाखराला दिसतही नाही. माझं भांडण तिच्याशी आहे.

आमच्या शेजारच्या भाऊंनी गेल्या हिवाळ्यात ती झाडावर पांघरली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात एक साळुंकी उलटी लोंबकळत होती. पायाला धागा, पंखाला धागा, सगळं संपलेलं.

"काय हे भाऊ?"

"चोराला शिक्षा नको काय जी?"

अहो, शिक्षा द्या. पण एका जामासाठी फाशी? साधा जामीनसुद्धा नाही?

बरं, ही साळुंकी म्हणजे नुसती चोर नव्हे. पावसाळाभर ती नाकतोडे आणि अळ्या वेचत असते. बुलबुल आपल्या पिलांना अळ्याच भरवतो. याच भाऊंनी आपल्या हरभऱ्याच्या शेतात कृषी खात्याच्या सल्ल्यानं पक्षीथांबे उभे केले आहेत. पाखरांनी यावं, बसावं आणि घाटेअळी खावी म्हणून! म्हणजे शेतात "या, बसा" आणि आवारात गळफास. सालदाराला वर्षभर राबवून घ्यायचं आणि हिशेबाच्या दिवशी त्याच्यावर चोरीचा आळ घ्यायचा, तसलाच हा प्रकार.

हा हिशेब चीननं एकदा करून पाहिला. १९५८ साली माओच्या हुकमानं साऱ्या देशानं डबे आणि ढोल बडवून चिमण्यांना उडत ठेवलं, दमवून पाडलं, मारलं. चिमण्या गेल्या, किडे माजले. पुढच्या भीषण दुष्काळाच्या अनेक कारणांत हेही एक धरतात. १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणी वगळली आणि तिच्या जागी ढेकूण घातला. ढेकणाची बाजू घेणारा मी नाही.

आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यानं तर अळीपायी फार मोठी किंमत मोजली आहे. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथले शेतकरी, शेतमजूर दगावले. पाखरं असती तर ती माणसं वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण बिनविषारी, बिनपगारी अळ्या वेचणाऱ्याला आपण तरी मारू नये, एवढं नक्की म्हणतो.

राहता राहिला पोपट. त्याचं वकीलपत्र मी घेत नाही. तो अळी खात नाही, जामसुद्धा धड खात नाही. एक चावा घेतो, टाकतो आणि दुसऱ्याला हात घालतो. असले लोक आपण लग्नाच्या पंगतीत पाहतोच. पण त्यांच्यावर कोणी जाळं टाकत नाही.

उपाय साधा आहे. झाड झाकू नका, फळ झाका. जाम लिंबाएवढा झाला की त्याला कागदाची किंवा जुन्या धोतराची पिशवी बांधा. जाळीच हवी असेल तर करंगळी आत जाणार नाही इतक्या बारीक भोकांची घ्या आणि ताणून बांधा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २०२१ पासून घरच्या फळझाडांवर पाच मिलिमीटरहून मोठ्या भोकांच्या जाळीला कायद्यानंच मनाई आहे.

आणि शेंड्याची फळं सोडून द्या. नाही तरी पन्नाशीनंतर तिथवर कोण चढतो? ती पाखरांच्या नावे लिहा. त्याला दान म्हणू नका. वर्षभराची मजुरी म्हणा. मजुरी बुडवणाऱ्याला आमच्या गावात काय म्हणतात, ते मात्र छापण्यासारखं नाही.