दारूस परवाना, गांज्यास बेडी

खेड्यापाड्यांतील तरुण पोरें नशेच्या नादीं लागलीं, अशी तक्रार हल्लीं ज्याच्या त्याच्या तोंडीं आहे. तक्रार खोटी नाहीं. पण तिच्यावर सुचविला जाणारा उपाय नेहमीं एकच: कायदा आणखी कडक करा. हा कायदा कोणासाठीं कसा आहे, हें आमच्या कुणबी, माळी, कोष्टी, कुंभार बंधूंनीं एकदां डोळे उघडून पाहावें, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

गांजा व भांग हीं एकाच झाडाचीं रूपें. १८९३ सालीं इंग्रज सरकारनें त्यांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें. माफक सेवनानें म्हणण्यासारखी हानि होत नाहीं, सबब सरसकट बंदीची जरूर नाहीं, असा निर्वाळा त्यानें दुसऱ्याच वर्षीं दिला. (इंग्रजाला त्यावरचा करहि हवा होता, हें आम्ही विसरत नाहीं.) पुढें १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८५ सालीं आपल्या पार्लमेंटानें अमली पदार्थांचा कायदा केला. त्यांत फुलोरा तो गांजा ठरला. नुसतें पान व्याख्येबाहेर राहिलें. म्हणजे शिवरात्रीची भांग प्रसाद आणि त्याच झाडाचा शेंडा गुन्हा! आज एखाद्या नडलेल्या शेतकऱ्यानें उसाच्या फडांत चार झाडें लाविलीं, तर त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊं शकतो. आम्ही त्याची वकिली करीत नाहीं. त्यानें तें पीक लावूं नये हेंच खरें.

पण मग दारूचें काय? मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रांत अजून लागू आहे आणि कागदोपत्रीं पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. त्याच महाराष्ट्राच्या तिजोरींत २०२३-२४ सालीं दारूपासून २०,००० कोटी रुपयांहून अधिक वसूल जमा झाला. डिसेंबर २०१६ मध्यें सुप्रीम कोर्टानें हमरस्त्यापासून ५०० मीटरच्या आंत दारूचें दुकान नको असा हुकूम दिला, तेव्हां कित्येक शहरांतले हमरस्तेच नगरपालिकांकडे वर्ग झाले. दुकान जागचें हललें नाहीं, रस्त्याची जात बदलली! माणसाची जात सरकारास इतक्या चटकन बदलतां आली असती, तर आमच्या वाडवडिलांचे किती हाल वांचले असते!

यांत मरतो कोण? जून २०१५ मध्यें मुंबईस मालवणींत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं, तीं झोपडींत राहून मजुरीवर पोट भरणारीं होतीं. परमिट रूममधल्या गिऱ्हाइकास सीलबंद बाटली मिळते. हातभट्टीवाल्याच्या गिऱ्हाइकास देवावर हवाला ठेवावा लागतो. जोतीराव फुले पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद होते, तेव्हां १८८० सालीं त्यांनीं शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांस लेखी हरकत घेतली. त्यांचा रोख पिणाऱ्या गरिबावर नव्हता, दुकान उघडूं देणाऱ्यावर होता.

पोरगें नशेकडे कां वळतें, हें त्याच्या बापासहि विचारण्यास सवड नाहीं. बी. ए. होऊन तें चार वर्षें पोलिसभरतीसाठीं पहाटे रस्त्यावर धावतें. कांदा निघाला कीं भाव पडतो. सोयरीक मोडते, कारण मुलीच्या बापास शेत नको, नोकरी हवी. आणि ह्याच पोराच्या डोळ्यांपुढें आम्ही मोठेपणा म्हणून काय ठेवितों? कर्ज काढून केलेलें लग्न, त्या वरातींतली दारू, जमीन विकून आणलेली मोटार, निवडणुकीच्या आदल्या रात्रीं फुकट वांटलेल्या बाटल्या. ज्या पुढाऱ्यानें रात्रीं बाटली वांटली तोच सकाळीं व्यसनमुक्तीवर व्याख्यान देतो आणि आम्ही त्यास हार घालतों! पोरें हें सर्व पाहतात.

तेव्हां घरोघरच्या माणसांस दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. गांवांतलें दारूचें दुकान मतदानानें बंद करण्याची, म्हणजे बाटली आडवी करण्याची, सोय नियमांत आहे आणि ठिकठिकाणच्या बायांनीं ती वापरून दाखविली आहे. दुसरी गोष्ट वकीलहि सहसा सांगत नाहींत. अमली पदार्थांच्या कायद्याचें कलम ६४-अ म्हणतें कीं, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपण होऊन सरकारमान्य इस्पितळांत उपचारास गेला, तर त्या आरोपाच्या खटल्यापासून त्यास सूट आहे. उपचार अर्ध्यावर टाकला तर ती काढून घेतां येते. मुलाच्या खिशांत पुडी सांपडली म्हणून त्यास बडवून घराबाहेर काढणाऱ्या बापांनीं हें कलम कोणाकडून तरी वाचून घ्यावें.

सूट कायद्यांत आहे, पण तालुक्याच्या गांवीं इस्पितळ कुठें आहे? दारूच्या त्या २०,००० कोटींतून तालुक्यागणिक एक व्यसनमुक्तीचें इस्पितळ आणि त्यांत एक जाणता डॉक्टर, एवढें आमच्या वाचकांनीं आपापल्या आमदारास मतें मागावयास येईल त्या दिवशीं चारचौघांत विचारावें.