भिंतीवरचा ठिपका

रायपूरची अष्टकोनी इमारत जुन्या रायपूरकरांच्या चांगल्या परिचयाची. राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या पुढाकाराने १८७५ साली तिथे वस्तुसंग्रहालय सुरू झाले. पुढे संग्रहालयासाठी नवी वास्तू उभी राहिली आणि १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जुनी इमारत चित्रांच्या वाट्याला आली. आज ती महाकोशल कला वीथिका म्हणून ओळखली जाते.

नव्या वास्तूत सिरपूरच्या धातुमूर्ती पाहताना कुणी अडखळत नाही. बुद्ध ओळखू येतो, हात आपोआप जोडले जातात. आधुनिक चित्रासमोर मात्र आपली तारांबळ उडते. आपण मान तिरकी करतो, बाजूची चिठ्ठी वाचतो आणि सोबतचे मूल विचारते, ‘‘बाबा, हे काय काढलंय?’’ उत्तर सुचत नाही. मग मुलाचा हात धरून आपण पुढच्या चित्राकडे जातो. बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणतेच, ‘‘एवढं तर आमच्या बाळ्यानंसुद्धा काढलं असतं!’’

या संकोचाची लाज वाटायला नको. इथून फार दूर नसलेल्या एका खेड्यातला मुलगा पुढे जगप्रसिद्ध चित्रकार झाला, पण पाहावे कसे हे शिकायला त्यालाही निम्मे आयुष्य लागले. त्यांचे नाव सय्यद हैदर रझा.

रायपूरहून कवर्ध्यामार्गे चिल्पीचा घाट चढून मंडल्याला जाता येते. त्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी १९२२ साली रझांचा जन्म झाला. वडील जंगल खात्यात नोकरीला. घराभोवती अरण्य, दिवसा उजेड आणि रात्री काळाकुट्ट अंधार. शाळेत मात्र या मुलाचे लक्ष लागेना. तेव्हा नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितले, ‘याच्याकडे पाहत बस.’ भिरभिरणारे मन एका जागी थांबावे, एवढाच गुरुजींचा हेतू. रझा मोठेपणी ही आठवण अनेकदा सांगत.

त्या काळी रायपूर काय आणि मंडला काय, दोन्ही मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत. राजधानी नागपूर. चित्रकलेची ओढ लागलेला हा तरुण १९३९ साली नागपूरच्या कलाशाळेत दाखल झाला. तिथून तो मुंबईला गेला आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला. १९४७ साली सूझा, आरा, हुसेन अशा मित्रांबरोबर त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली.

१९४८ साली काश्मीरमध्ये रझांची चित्रे प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी पाहिली. हातात कसब आहे, पण चित्राला बांधणी नाही, सेझानची चित्रे पाहा, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. दुसरा कुणी रागावला असता. रझांनी ते बोल मनाला लावून घेतले. ते फ्रेंच शिकले, त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० साली ते पॅरिसला पोहोचले.

आजवर पुस्तकांत छापील पाहिलेली चित्रे आता समोर होती. सेझानच्या चित्रात टेबलावर चार सफरचंदे असतात. फळे आपल्या ओळखीची, त्यामुळे ‘हे काय आहे’ हा प्रश्न तिथे उरतच नाही. ही फळे एकमेकांना कशी तोलून धरतात, त्यातले एक हलवले तर सारे चित्र का ढासळेल, हे पाहायचे असते. घर बांधताना गवंडी जसा विटेवर वीट बसवतो, तसा सेझान रंगाशेजारी रंग बसवतो. कार्तिये-ब्रेसाँ म्हणत होते ती बांधणी हीच.

रझा मन लावून शिकले. १९५६ साली त्यांना फ्रान्समधला समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले बिगरफ्रेंच चित्रकार. १९६२ साली ते शिकवण्यासाठी अमेरिकेत बर्कलेला गेले. तिथे मार्क रॉथको यांच्या चित्रांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. त्या चित्रांत झाड नाही, घर नाही, माणूसही नाही. मोठ्या कापडावर रंगाचे दोन-तीन चौकोन, कडा धूसर, जणू आतून उजळलेले. या चित्रांनी आपल्यासाठी आत उघडणारे एक दार खुले केले, अशा आशयाचे रझांनी पुढे सांगितले.

पण आत डोकावल्यावर माणसाला तिथे स्वतःचे काही सापडावे लागते. नावलौकिक होता, चित्रांना मागणी होती, आणि तरीही सत्तरच्या दशकात रझांना अस्वस्थतेने घेरले. पॅरिसची चित्रभाषा आपण उत्तम बोलतो, पण आपले स्वतःचे यात काय, असा प्रश्न त्यांना छळू लागला. पन्नाशी उलटल्यावर, यश पदरात असताना, आपला रस्ता आपला नाही असे कबूल करायला मोठे धैर्य लागते.

रझा पुन्हापुन्हा भारतात येऊ लागले. १९७८ साली मध्य प्रदेश शासनाने भोपाळला बोलावून त्यांचा गौरव केला. आणि लवकरच त्यांच्या कॅनव्हासवर एक काळा गोल ठाण मांडून बसला. बिंदू! गुरुजींनी भिंतीवर काढलेला ठिपका अर्ध्या शतकानंतर परतला होता. त्याच्याभोवती माती, पाणी, अग्नी यांचे रंग आले, देवनागरी अक्षरेही आली. यापुढे रझांचे चित्र दुरूनही ओळखू येऊ लागले.

पत्नीच्या निधनानंतर काही वर्षांनी, २०१० च्या अखेरीस, रझा कायमचे मायदेशी परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. २०२३ साली पॅरिसच्या पोम्पिदू केंद्रात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. जिथे ते शिकायला गेले, त्याच शहरात खेड्यातल्या शाळेचा ठिपका पाहायला लोक आले.

पॅरिसच्या संग्रहालयांनी रझांना पाहायला शिकवले. काय पाहायचे, ते मात्र मंडल्याच्या भिंतीवर आधीच काढून ठेवलेले होते. दोन्ही गुरू खरे, आणि एकावाचून दुसरा अपुरा.

म्हणून पुढच्या सुटीत मुलांना चित्रे पाहायला न्याल, तेव्हा ‘हे काय आहे’ याचे उत्तर आलेच पाहिजे, असा आग्रह धरू नका. सगळी दालने पालथी घालू नका. मुलाला आवडेल त्या एका चित्रासमोर पाच मिनिटे त्याच्याबरोबर उभे राहा. ‘‘तुला काय दिसतंय?’’ एवढेच विचारा, आणि ते सांगेल ते ऐका.

झारिया गुरुजींनी तरी यापेक्षा निराळे काय केले होते?