हिशेब पडद्यावर दाखवा!

टीव्हीवरच्या खेळात प्रेक्षकांना टाकलेला प्रश्न इतका सोपा असतो की चौथीतले पोरही बसल्या जागी उत्तर देईल. तो जाणूनबुजून सोपा ठेवतात! प्रश्न अवघड निघाला तर फोन कोण उचलणार? आणि फोन उचलला गेला नाही तर गल्ला कसा भरणार?

२००७ साली ‘कौन बनेगा करोडपती’ने प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ ही स्पर्धा काढली. दर भागात अचूक उत्तर देणाऱ्यांतून एकाची सोडत, त्याला २ लाख रुपये. उत्तराच्या एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे. ग्राहक संघटनेने तक्रार नेली तेव्हा मांडला गेलेला हिशेब असा : सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश, म्हणजे १३ कोटी ९२ लाख रुपये. बक्षिसे १ कोटी ४ लाखांची. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि मोबाइल कंपनीला १ कोटीचा दंड ठोकला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण बक्षिसाचा पैसा एसएमएसच्या कमाईतूनच आला याला पुरावा नव्हता. निकाल शिरसावंद्य! पण पुरावा ग्राहकाने आणायचा कुठून? वह्या कुणाच्या कपाटात होत्या?

उघडा हिशेब कसा असतो, ते आमच्या खामगावच्या कापूस बाजारात पाहा. इथे अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याचाही माल त्याच्या डोळ्यांदेखत काट्यावर चढतो, हर्रासी चारचौघांत होते आणि हातात हिशोबपट्टी पडते : वजन इतके, भाव इतका, हमाली इतकी, तोलाई इतकी. पट्टीत दहा रुपयांचा घोळ दिसला तरी यार्डात गलका होतो. त्याच शेतकऱ्याच्या घरातून रात्री अडीच-अडीच रुपये उचलणाऱ्यांनी त्याला कसली पट्टी दिली?

गाण्याच्या स्पर्धांत तर याहून निर्लज्ज प्रकार चालला. आपल्या भागातले लेकरू अंतिम फेरीत गेले की चौकाचौकात फलक लागायचे, पुढारी मतांचे आवाहन करायचे, आणि मायबाप जनता एकाच फोनवरून दहा-दहा संदेश पाठवायची. ज्याच्या फोनमध्ये बॅलन्स जास्त त्याची मते जास्त, आणि याला म्हणे जनतेचा कौल! कुणाला किती मते पडली, हे आकडे मात्र गुलदस्त्यातच.

आमचा राग खेळणाऱ्यांवर नाही. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत १५०० रुपये महिन्यावर खिचडी शिजवत होत्या. २०१९ मध्ये त्यांनी ‘कौन बनेगा करोडपती’च्या खुर्चीवर बसून आपल्या अकलेवर १ कोटी जिंकले. अवघ्या वऱ्हाडाची मान उंचावली, आमचीही. पण त्यांचे यश ज्ञानाचे होते. घरी बसलेल्याच्या वाट्याला येते ती निव्वळ सोडत, आणि तिला ज्ञानाचा मुलामा चढवणे ही फसवणूक आहे.

या मुलाम्यावर आता भामटेही पोसले जात आहेत. व्हॉट्सॲपवर ‘करोडपती’वाल्या बच्चनसाहेबांचा फोटो येतो, २५ लाखांची लॉटरी लागल्याचा निरोप येतो, मग ‘आधी टॅक्स भरा’ म्हणून खाते क्रमांक येतो. पैसे गेल्यावर माणूस लाजेने पोलिसांत जात नाही, घरातही बोलत नाही. फोनवरून उत्तर दिले की नशीब उघडते, ही सवय त्याला लावली कुणी?

आज एसएमएसची जागा ॲपने घेतली. खेळ फुकट म्हणतात, पण नाव, नंबर, वय, गाव आधी भरून घेतात. त्या माहितीचे पुढे काय होते?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बक्षीस योजनेचा अंतिम निकाल दडवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. त्याच कलमात आणखी एक ओळ घाला : किती जणांनी भाग घेतला, किती रक्कम जमली, बक्षिसात किती गेली, हे त्याच कार्यक्रमात, विजेत्याच्या नावाखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत दाखवावे. न दाखवणाऱ्याचा कार्यक्रम बंद करावा. बुलढाण्याचे खासदार केंद्रात राज्यमंत्री आहेत. त्यांनी ही मागणी येत्या अधिवेशनाआधी ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या टेबलावर ठेवावी आणि तिथून काय उत्तर आले ते खामगावात येऊन सांगावे.