पहिला पतंग विकताना

पतंगाच्या धंद्यात मोठे गिऱ्हाईक कोण, असे विचारले तर बहुतेक दुकानदार पेच लढवणाऱ्या जुन्या शौकिनाकडे बोट दाखवतील. आमचे मत निराळे आहे. वडिलांचे बोट धरून पहिल्यांदा दुकानात आलेले आठ-दहा वर्षांचे पोर हेच या धंद्याचे मोठे गिऱ्हाईक. त्याला गोडी लागली तर पुढची वीस वर्षे ते दर संक्रांतीला येणार. पहिल्याच दिवशी त्याचे बोट कापले किंवा ते गच्चीवरून पडता पडता वाचले, तर त्या घरात पतंग पुन्हा शिरत नाही.

अशा पोराच्या हाती आपण काय देतो? पुष्कळ दुकानांत महागातला मांजा आणि डझनभर पतंग. नवशिक्याला मांजा लागतच नाही. त्याला पेच कोणाशी लढवायचा आहे? साधा सुती दोरा, म्हणजे सद्दी, त्याला पुरते. सद्दीवर नफा कमी सुटतो हे खरे, पण तो पहिल्या वर्षापुरता. पतंगही मध्यम आकाराचा द्यावा. लहान पतंग नवख्या हातात ठरत नाही, मोठ्याची ओढ पोराला झेपत नाही. खाली कागदी शेपटी चिकटवली की पतंग संथ उडतो. कन्नी दुकानातच बांधून द्यावी. वरचा दोरा कणा आणि कमान एकमेकांवरून जातात तिथे, खालचा कण्याच्या टोकापासून काही बोटे वर. वारा जोराचा असेल तर खालचा दोरा बोटभर लांब ठेवावा. कन्नी वाकडी बांधली की पतंग सारखा गोते खातो, आणि बोल मात्र कागद-कामटीच्या कारागिराला लागतो.

मग दोन मिनिटे त्या पोराशी आणि वडिलांशी बोलावे. मोकळे मैदान असावे. बिनकठड्याची गच्ची, पत्र्याचे छप्पर आणि रस्ता ही पतंगाची जागा नव्हे. झाडाची पाने हलतील एवढा वारा पुरे. धुरळा उडवणारा वारा नवशिक्यासाठी नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, सोबत्याने पंधरा-वीस पावलांवर पतंग उंच धरावा, झुळूक आली की दोरा खेचावा आणि पतंग चढू लागला की ढील द्यावी. बोटांना चिकटपट्टी गुंडाळावी. पहाटे आणि तिन्हीसांजेला पक्ष्यांचे थवे ये-जा करतात, ती वेळ टाळावी. विजेच्या तारेत अडकलेला पतंग आपला राहिला नाही असे समजून दोरा सोडून द्यावा. काठी घेऊन तो काढायला जाणे म्हणजे जिवाशी खेळ. तसेच कटलेल्या पतंगामागे वर पाहत धावणारे पोर गाडीखाली सापडते, हे वडिलांच्या कानावर घालावे.

आता नायलॉनविषयी. त्याला चिनी मांजा म्हणण्याची रीत पडली आहे. नाव चीनचे, पण तो आपल्याच देशातही तयार होतो, तेव्हा दोष परदेशावर ढकलून सुटका नाही. सुती दोरा ओढला की तुटतो. नायलॉन तुटण्याआधी समोरच्याचा गळा चिरतो. स्कूटरवाल्यांचे जीव असेच गेले आहेत. झाडावर लटकलेला तुकडा सडत नाही, पाखरे त्यात वर्षभर अडकत राहतात. धातूची पूड लावलेला दोरा तारेला लागला तर उडवणाऱ्याच्या हातापर्यंत वीज येऊ शकते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै 2017 मध्ये अशा कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरीही संक्रांतीच्या तोंडावर मागच्या दाराने रीळ विकले जातात, आणि विकणारे आपल्यातलेही असतात, हे कबूल केले पाहिजे.

निव्वळ हिशेबाने पाहिले तरी हा तोट्याचा सौदा आहे. पतंग कटतात म्हणून हा धंदा चालतो. जो दोरा तुटत नाही आणि पुढच्या वर्षीही वापरता येतो, तो विकून आपण आपल्याच पतंगाचे आणि मांजाचे गिऱ्हाईक कमी करतो. याचा पहिला फटका बरेलीच्या मांजा सुतणाऱ्यांना बसला. भाताची खळ, काचेची पूड आणि रंग यांचा लगदा हाताने दोऱ्यावर चढवणाऱ्या या लोकांची बोटे कायम चिरलेली असतात. त्यांच्या मागोमाग अहमदाबादच्या जमालपुरात घरी बसून पतंग चिकटवणाऱ्या बाया, येवल्याचे आसारीवाले, नागपूरच्या जुनी शुक्रवारीतले आणि मुंबईच्या डोंगरीतले दुकानदार, सगळेच त्या ओळीत उभे आहेत.

कोणी म्हणेल, सुती मांजावरही काच असतेच. असते, आणि तोही कापतो. म्हणूनच दिल्ली सरकारने 2017 मध्ये काच लावलेल्या सुती दोऱ्यालाही मनाई केली. लाहोरमध्ये तारेच्या आणि रसायने लावलेल्या दोऱ्याने माणसे मरू लागली, तेव्हा 2005 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पतंगबाजीच बंद केली. बसंतचा तो नामी सण पुढे वर्षानुवर्षे थांबला आणि पतंग करणाऱ्यांना दुसरी रोजी शोधावी लागली. दोऱ्यादोऱ्यातला फरक दुकानदाराने केला नाही, तर सरकार तो करत बसत नाही. ते सगळ्यालाच कुलूप लावते.

या हंगामात आपल्या बाजारांच्या संघटनांनी एवढे ठरवावे. नायलॉन ठेवणाऱ्या दुकानाला बरेलीचा माल द्यायचा नाही. बारा वर्षांखालच्या मुलाला फक्त सद्दी विकायची. आणि संक्रांत झाली की आठवडाभर दुकानाबाहेर एक पेटी ठेवून जुन्या दोऱ्याचा गुंता परत घ्यायचा. पोराने मूठभर गुंता आणला तर त्याला एक पतंग फुकट द्यावा. हंगाम सरल्यावर उरलेले पतंग नाहीतरी गोणीत भरून माळ्यावरच जातात.