पासपोर्ट खिशात, झेरॉक्स घरात

घराबाहेर पडणाऱ्या माणसाला अशुभ काही बोलू नये, असा आपल्याकडे दंडक आहे. ‘कुठे निघालात?’ एवढे विचारले तरी जुनी माणसे रागावतात. त्यामुळे आमच्या मेहकरातून कुणी परदेशी निघाले की सारी गल्ली त्याला निरोप द्यायला येते, स्वेटर घेतला का, लोणच्याच्या बरणीचे झाकण घट्ट आहे का, याची चौकशी करते. पण ‘पासपोर्ट हरवला तर काय करशील?’ हा प्रश्न कुणीच विचारत नाही. आज रविवारी सकाळी तो अशुभ प्रश्न मी वाचकांना विचारणार आहे. आमच्या घराने त्याचे उत्तर परक्या मुलखात, फार उशिरा शोधले, म्हणून.

२०१७च्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली होती. भविष्य निर्वाह निधीतले थोडे पैसे बाजूला काढून आम्ही दोघे एका पर्यटन कंपनीबरोबर युरोप पाहायला निघालो. सौभाग्यवतींनी निघण्याआधी माझ्या बंडीला आतून चोरखिसा शिवून दिला आणि पासपोर्ट त्यात ठेवायची ताकीद दिली. स्वतःसाठी मात्र तिने काहीच शिवले नाही. आपल्या घरातल्या बायकांची ही नेहमीची रीत.

इटलीतल्या एका मोठ्या रेल्वे स्टेशनवर शनिवारी दुपारी एका तरुणाने तिच्यापुढे नकाशा धरून वाट विचारली. आपल्यालाच वाट ठाऊक नाही, हे हातवाऱ्यांनी सांगण्यात तिची दोन मिनिटे गेली. तेवढ्यात खांद्यावरची पर्स गेली. पर्समध्ये तिचा पासपोर्ट होता, आणि मीच मोठ्या शहाणपणाने काढून ठेवलेली त्याची झेरॉक्सही होती. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगण्यातला हा प्रकार.

पहिली चूक आम्ही तिथेच केली. ‘सापडेल, पैसे काढून घेऊन पर्स टाकून देतील,’ असे म्हणत दोन तास फलाट आणि कचऱ्याच्या पेट्या धुंडाळल्या. वास्तविक अशा वेळी आधी पोलिसांकडे जायचे असते, कारण त्यांच्या कागदावाचून पुढचे एकही दार उघडत नाही. पोलीस ठाण्यात एका सौम्य प्रकृतीच्या हवालदाराने लिहून घ्यायला सुरुवात केली. नाव, आडनाव, जन्मतारीख. जन्मतारीख विचारताच सौभाग्यवती म्हणाली, ‘दसऱ्याचा दुसरा दिवस.’ मी घाईने महिना ऑक्टोबर सांगितला. पासपोर्टवर तिची जन्मतारीख १ जून आहे, हे आम्हा दोघांनाही त्या क्षणी आठवले नाही.

वाचकांपैकी पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी जणांची कागदोपत्री जन्मतारीख १ जूनच असेल. शाळेत नाव घालताना वडिलांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजींनी १ जून लिहायचे. मीही ते केले आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुलांना मी एका ओळीत जन्माला घातले आहे. त्या माझ्याच धंद्यातल्या सोयीची किंमत माझ्या बायकोला हजारो मैलांवर मोजावी लागेल, असे कधी वाटले नव्हते.

ठाण्याबाहेरच्या बाकावर ती बसली होती. चोराला तिने एक शब्दही दिला नाही. तिने मला एवढेच विचारले, ‘आता मला घरी जाऊ देतील ना?’

मुलाखतीला जावे तसे कोट घालून फिरणारा मी, मला त्यावर बोलता आले नाही. त्या छोट्या पुस्तकावाचून ती कोण, कुठली, हे सांगणारे त्या शहरात माझ्याखेरीज कुणी नव्हते. आणि नवऱ्याचा शब्द हा काही सरकारी पुरावा नव्हे.

इटलीत आपला राजदूतावास रोमला आहे आणि महावाणिज्य दूतावास मिलानला. शनिवार-रविवार कचेरी बंद असते, पण अडलेल्यांसाठी एक दूरध्वनी चालू असतो. तो उचलला गेला. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे पहिला प्रश्न विचारला, ‘पासपोर्टचा क्रमांक काय?’ तो आम्हाला पाठ नव्हता. ‘प्रत आहे?’ ती चोराकडे होती. ‘घरी कुणी आहे?’

घरी कुणी नव्हते. मुलगा पुण्यात. पण तुळशीला पाणी घालण्यासाठी किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिलेली होती. तिथे दुपारचे चार वाजले होते, म्हणजे मेहकरात साडेसात. वहिनींच्या नातवाने आमचे लोखंडी कपाट उघडले आणि रेशनकार्डाच्या पिशवीत, लग्नपत्रिका आणि विजेच्या बिलांच्या मध्ये, पासपोर्टचा अर्ज भरताना उरलेली जुनी कागदपत्रे शोधून काढली. व्हिसाच्या वेळी काढलेली पासपोर्टची एक जास्तीची झेरॉक्स त्यात निघाली. त्याने मोबाइलवर फोटो काढून पाठवला. १ जून ही तारीख त्यावर पाहिली तेव्हा कुठे पोलिसांत दिलेली चूक ध्यानात आली, आणि पुन्हा जाऊन तक्रार दुरुस्त करून घेतली. तोवर गट पुढच्या देशात निघून गेला होता. आम्ही दोघे मागे राहिलो.

सोमवारी कचेरीत अर्ज, फोटो, पोलिसांचा कागद, झेरॉक्स आणि परतीचे तिकीट दिले. तेथे दोन वाटा असतात. नवा पासपोर्ट मागितला तर मायदेशातून पडताळणी होईपर्यंत थांबावे लागते. घाई असेल तर ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मिळते. हा एकेरी कागद, फक्त भारतात परत येण्यापुरता. शिवाय गेलेल्या पासपोर्टावरचा व्हिसा त्याच्याबरोबर गेलेला असतो. तो आपला दूतावास देऊ शकत नाही, ज्या देशाचा असेल त्यानेच द्यायचा. आणि वाटेत विमान बदलायचे असेल, तर त्या मधल्या देशाला हा एकेरी कागद चालतो का, हेही आधी विचारून घ्यावे लागते. आम्ही पुढचा प्रवास सोडला आणि थेट विमानाने परतलो. स्वित्झर्लंडचा बर्फ राहिला तो राहिला.

गावी आल्यावर महिन्याभराने निरोप आला की पर्स सापडली, पासपोर्टही त्यात आहे. पण तो आता निरुपयोगी होता. हरवल्याची तक्रार झाली की पासपोर्ट रद्द होतो आणि त्याचा क्रमांक हरवलेल्या प्रवासकागदांच्या नोंदीत जातो. इंटरपोलने अशी जागतिक नोंद २००२पासून ठेवली आहे. सापडला म्हणून तोच घेऊन प्रवासाला निघालेला माणूस विमानतळावर चोरासारखा अडवला जातो. नव्यासाठी पुन्हा प्रतिज्ञापत्र, पोलीस पडताळणी आणि विदर्भाचे पासपोर्ट कार्यालय असलेल्या नागपूरशी पत्रव्यवहार आलाच.

आमचे दुःख सुखवस्तू माणसाचे होते, हे मला कळते. सहल हुकली, एवढेच. परंतु आपल्या जिल्ह्यातली जी मुले आखातात कष्टाच्या कामाला जातात, त्यांचा पासपोर्ट चोर नेत नाही. कामावर हजर होताच मालक किंवा मुकादम ‘सांभाळायला’ म्हणून काढून घेतो. तो हरवला असे म्हणता येत नाही आणि हातात आहे असेही म्हणता येत नाही. आपल्या १९६७च्या पासपोर्ट कायद्याचे सतरावे कलम सांगते की पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे तो तारण ठेवण्याचा अधिकार ना मालकाला, ना आपल्याला. आखातातल्या अनेक देशांच्या कायद्यांनीही मालकाला अशी मनाई केली आहे. पण कायदा पुस्तकात असतो आणि पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मुंबईत आणले गेले. त्यांतल्या कित्येकांजवळ धड कागदपत्रे नव्हती. संकट सांगून येत नाही, आणि त्या दिवशी तिजोरीची किल्ली मालकाकडे असते.

अशा मुलासाठी २००९पासून दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडलेल्याला निवारा, परतीचे तिकीट, कागदपत्रांचे शुल्क यांसाठी त्यातून मदत होऊ शकते. ही गोष्ट किती घरांत ठाऊक आहे? दहावी न झालेल्या मुलाला ठराविक देशांत कामाला जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते आणि एजंट नोंदणीकृत असावा लागतो, हे तरी किती आईबापांना कुणी सांगितले?

म्हणून माझे मागणे साधे आहे. गावोगावच्या सेतू केंद्रांत पासपोर्टचे अर्ज भरले जातात. अर्ज भरणाऱ्या मुलाने पावतीबरोबर दोन वाक्ये सांगावीत: पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि व्हिसाची प्रत घरी ठेवा, आणि जिथे जाणार, तिथल्या भारतीय दूतावासाचा दूरध्वनी घरच्यांना लिहून द्या. त्याला खर्च नाही, शासन निर्णयाचीही गरज नाही.

उरलेले काम आपण घरी करायचे. आज दुपारी जेवणे झाली की घरातल्या सगळ्यांचे दाखले, आधार, पासपोर्ट शेजारी शेजारी मांडून बघा. एकावर माहेरचे नाव आणि दुसऱ्यावर सासरचे आहे का? बुलढाण्याचे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर ‘एच’सह आणि दुसऱ्यावर त्यावाचून आहे का? खरा वाढदिवस कोणता आणि सरकारी कोणता, हे घरातल्या बाईमाणसाला पाठ आहे का? जे दुरुस्त होण्यासारखे आहे ते निवांतपणी करून घ्या, जे होणार नाही ते निदान पाठ करा. आणि किल्ली कुणाकडे असते, त्या शेजाऱ्याला पिशवी कुठे आहे ते दाखवून ठेवा.

यंदाच्या दिवाळीत सौभाग्यवतींनी नवी बंडी शिवली, चोरखिशासह. मी तिला म्हटले, आता एक तुझ्यासाठीही शीव. ती म्हणाली, ‘शिवलाय. पण झेरॉक्स वहिनींकडे दिली आहे.’