त्याचा संग्रह, तिचा पसारा

पुरुषाने काड्यापेट्यांवरची चित्रं जमवली तर तो छंदिष्ट. जुनी नाणी जमवली तर अभ्यासू. पोस्टाची तिकिटं, रेडिओ, कॅमेरे, घड्याळं... काहीही जमवावं, त्याला 'संग्रह' म्हणतात. दिवाणखान्यात त्यासाठी काचेचं कपाट येतं, आल्यागेल्याला चहासोबत ते दाखवलं जातं आणि 'यांना पहिल्यापासूनच आवड हो' असं बायकोच कौतुकाने सांगते. आता तेच कपाट पन्नाशीच्या बाईचं आहे आणि त्यात जुन्या बाहुल्या आहेत, अशी कल्पना करून बघा. पाहुणा आधी विचारणार, "नातीच्या का?" नाही म्हटलं की एक अवघडलेलं हसू. मग घरचेही तोच शब्द वापरतात, जो बायकांच्या वस्तूंसाठी कायम तयार असतो. पसारा!

हा पसारा मी गेली बरीच वर्षं मांडून बसले आहे. त्यातही माझा जीव वाकणाऱ्या बाहुल्यांवर जास्त. हात-पाय हवे तसे वाकवावेत आणि त्यांनी ते तसेच ठेवावेत, अशा या बाहुल्या. जत्रेत, एसटी स्टँडबाहेरच्या हातगाडीवर मिळायच्या. त्यांची सगळी गंमत आत असते. खांद्यापासून मनगटापर्यंत, कमरेपासून घोट्यापर्यंत एक मऊ तार आणि तिच्याभोवती रबर किंवा मऊ प्लास्टिक. सांधा नाही, स्क्रू नाही. एरवीची बाहुली कायम 'सावधान'मध्ये उभी. ही मात्र भातुकलीसमोर बसायची, बाळाला कवेत घ्यायची, रुसली की गुडघ्यांत डोकं घालायची. खेळणाऱ्या मुलीला हे केवढं वाटतं, ते खेळलेल्यांनाच कळेल.

परदेशात या खेळण्यांचा इतिहास नीट लिहिलेला आहे. अमेरिकेत आर्ट क्लोकी यांनी हलत्या चित्रांसाठी मातीचा हिरवा पोरगा घडवला, त्याचं नाव गंबी. १९६५च्या सुमारास त्याचं वाकणारं खेळणं बाजारात आलं आणि घराघरांत पोचलं. बार्बी जन्मली १९५९ साली, पण तिचे पाय ताठच होते. तिचे गुडघे वाकू लागले ते १९६५ मध्ये. पुढे लिओ-मॅटेलच्या नावाने साडी नेसलेली बार्बी आपल्याकडेही आली. मुलांसाठी फनस्कूल आलं. टायर बनवणाऱ्या एमआरएफने अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीबरोबर १९८७ साली ही कंपनी काढली. तिने हॅस्ब्रोच्या जुन्या साच्यांतून 'जी. आय. जो' नावाचे चिमुकले सैनिक काढले. त्यांचे रंग मूळ सैनिकांपेक्षा वेगळे निघाले आणि नेमके म्हणूनच ते आज जगभरच्या संग्राहकांना हवे असतात. कुठला सैनिक कुठल्या रंगात निघाला, त्याच्या कमरेतली रबराची रिंग तुटली तर कुठल्या मापाची घालावी, याचीसुद्धा माहिती मिळते.

आणि आपली जत्रेतली बाहुली? तिला ना खोका, ना नाव, ना साल. पाठीवर फार तर एखादा आकडा. कुठल्या शेडमध्ये निघाली, कोणी रंगवली, कितीला विकली, कुठेच नोंद नाही. त्या बाहुल्या मात्र आपल्यातल्या कितीतरी जणींच्या हातात होत्या. बार्बी तेव्हा किती घरांत परवडत होती?

मी राहते तो भाग अंबड एमआयडीसीच्या लगतचा. प्लास्टिक मोल्डिंग हा शब्द इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मोटारींचे, स्विचबोर्डचे पार्ट साच्यातून निघतात आणि त्यांच्या कडेला राहिलेला जास्तीचा पापुद्रा, ज्याला इथे 'फ्लॅश' म्हणतात, तो ब्लेडने काढायला बहुतेक बायकाच बसलेल्या असतात. आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी हे काम वर्षानुवर्षं केलंय. माझ्याकडची एक जुनी बाहुली त्यांनी हातात घेतली, काखेखाली अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाल्या, "हे बघा, इथं ब्लेड घसरलंय. आपल्यासारखीच कुणीतरी बसली असंल, शिफ्ट संपत आली असंल." ज्या बाहुलीची कुठल्याही पुस्तकात नोंद नाही, तिची एवढी माहिती त्यांनी एका नखाने सांगितली. अशा वस्तू जपायला हव्यात असं मी म्हणते, ते याचसाठी. खेळणाऱ्या मुलीचं बालपण त्यात आहेच, पण बनवणारीचे हातही आहेत.

मग या बाहुल्या जातात कुठे? उत्तर सोपं आहे, भंगारात. नाशिककरांना अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार आठवत असेल. महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये मोठी मोहीम काढून तो हटवला, पण नंतरही तिथे दुकानं उभी राहत गेली. तो बेकायदा होता, त्याचा त्रासही होता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण पत्रे, ड्रम आणि मशीनच्या सांगाड्यांच्या त्या गर्दीत प्लास्टिकची पोतीही असायची. पोतं उपडं केलं की मग्गे, बादलीचे कान, तुटक्या खुर्च्या आणि त्यांतून वर आलेला एखादा गुलाबी हात. माझ्या काही बाहुल्या अशाच, किलोच्या भावाने आल्यात.

हे पोतं भरतं कधी, याचा विचार करा. मुलीचं लग्न झालं, ती सासरी गेली आणि पुढच्या दिवाळीला माळा साफ करायला निघाला की भरतं. 'ती तर गेली, आता कशाला ठेवायच्या?' मुलाची बॅट, त्याचे कप, त्याच्या गाड्या राहतात, कारण तो तिथेच राहतो. मुलगी सासरी नेते ती भांडी, साड्या, दागिने. बाहुली नेली तर हसतील! माहेरी ठेवायला जागा राहत नाही आणि सासरी मागायला तोंड नसतं. पिढ्यान्‌पिढ्या मुलींची खेळणी या दोन घरांच्या मधल्या मध्ये हरवत आलीत.

ज्यांनी अशा वस्तू वाचवल्या त्यांचे उपकारच मानायला हवेत. पुण्याच्या दिनकर केळकरांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, करंडे, स्वयंपाकाची भांडी आणि खेळणीसुद्धा गावोगाव फिरून गोळा केली. अल्पवयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्याचं संग्रहालय झालं. पुण्याच्याच विलास करंदीकरांनी भातुकली जमवली, तिची प्रदर्शनं भरवली. ती पाहताना आज्याच नातींना पुढे ओढून 'ही बघ शेगडी, हा बघ पाटा' दाखवतात. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतांकडून एक बाहुली मिळाली. तेवढ्यावरून सुरुवात होऊन १९६५ साली त्यांचं बाहुल्यांचं संग्रहालय उभं राहिलं. आज तिथे ऐंशीहून अधिक देशांतल्या सहा हजारांवर बाहुल्या आहेत.

पण ही नावं पुन्हा एकदा वाचा. वस्तू बायकांच्या आणि मुलींच्या, जमवणारे मात्र पुरुष. याचा दोष मी त्यांना मुळीच देत नाही. त्यांनी जमवलं नसतं तर काहीच उरलं नसतं. प्रश्न आपल्याला आहे. गावोगाव फिरायची मोकळीक, चार पैसे 'उगीच' खर्च करायचा हक्क आणि घरात स्वतःचं एक कपाट, या तीन गोष्टी किती बायकांना मिळाल्या? आवड नव्हती असं कुणी म्हणू नये. चैत्रगौरीची आरास आठवा. गौरीपुढे पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या, लाकडी हत्ती, मण्यांची हरणं, सावंतवाडीची फळं कोण मांडत होतं? हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी आरासच बघायच्या. वर्षभर जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवायचं आणि चैत्रात बाहेर काढून मांडायचं, हे संग्रहालय नाही तर काय होतं? फक्त देवीचं निमित्त असल्यामुळे कुणी त्याला पसारा म्हणायला धजलं नाही.

यावर मैत्रिणी जे आक्षेप घेतात, ते अगदीच खोटे नाहीत. पहिला जागेचा. सिडकोच्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा पुरत नाही, तिथे बाहुल्या कुठे? बरोबर आहे. म्हणून पाचशे नकोत, पाच ठेवा. बुटांच्या एका खोक्यात मावतील. दुसरा आक्षेप पैशांचा. जुन्या खेळण्यांना आता भाव आलाय आणि परदेशी बाहुल्यांच्या मागे लागलं तर पगार पुरायचा नाही. मान्य, पण आपली स्वतःची आणि आईची बाहुली विकत घ्यावी लागत नाही, ती फक्त टाकायची नसते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ही बाहुली गोरी, निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची, सुतासारख्या कमरेची. सावळ्या मुलींच्या हातात ती देऊन आपण त्यांचं नुकसानच केलं, मग ती जपायची कशाला? मी म्हणते, त्यासाठीच जपा! 'आम्हाला लहानपणी सुंदर म्हणजे हे असं शिकवलं होतं' हे नातीला सांगायचं, तर दाखवायला पुरावा नको?

आता जपायचं कसं, तेही सांगते, कारण या बाहुल्या नुसत्या ठेवून टिकत नाहीत. पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याचे पाइप बघा. ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. वर्षांनुवर्षं ते हळूहळू बाहेर येतं, म्हणून जुनी बाहुली चिकट लागते आणि पुढे कडक होऊन तडकते. तिला प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, जुन्या धुतलेल्या सुती साडीचा तुकडा उत्तम. दोन बाहुल्या एकमेकींना चिकटवूनही ठेवू नका, एकीचा रंग दुसरीला लागतो. स्लॅबखालचा माळा टाळा. नाशिकचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, माळ्यावर तर भट्टीच असते. खालचा, उन्हापासून दूरचा कप्पा बरा. आत तार असलेली बाहुली पाण्यात बुडवू नका, पाणी शिरलं की तार गंजते आणि डाग बाहेर फुटतो. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा.

आणि वाकवू नका. हे सांगायला जड जातं, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलं की तार थकते, तुटते आणि तिचं टोक कातडीतून बाहेर येतं. त्यामुळे, आणि जुन्या प्लास्टिकात, रंगांत काय काय घातलेलं असेल याचा भरवसा नसल्यामुळे, त्या लहान मुलांच्या हातात देऊ नयेत. आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला तो जानेवारी २०२१ पासून. त्याआधीची बाहुली नातीला दाखवावी, गोष्ट सांगावी. चावायला देऊ नये.

तेव्हा मैत्रिणींनो, या दिवाळीला माहेरचा माळा निघायच्या आत एक फोन करा. 'माझी बाहुली असेल तर टाकू नका, मी न्यायला येते,' एवढंच सांगा. हसले तर हसू द्या. आई असेल तर तिला तिच्या बाहुलीबद्दलही विचारा. चिंध्यांची होती की लाकडाची ठकी होती, कोणी करून दिली होती, बाहुला-बाहुलीच्या लग्नात विहीण कोण झाली होती. आणि बाहुली हाती आली की वहीचं पान फाडून एक चिठ्ठी लिहा. कोणाची, कुठल्या वर्षी, कुठल्या जत्रेतली, कोणी घेऊन दिली, कोणाच्या पगारातून. ती चिठ्ठी बाहुलीसोबत ठेवा आणि खाली स्वतःचं नाव लिहायला लाजू नका. चिठ्ठी नसली की तो पसारा होतो, चिठ्ठी असली की संग्रह. फरक एवढाच आहे आणि तो आपल्या हातात आहे.