दप्तर एक, धनी कोणी नाही

विकेंद्रित प्रोटोकॉलांच्या कैवाऱ्यांकडून एक युक्तिवाद वारंवार केला जातो. ज्या व्यवस्थेला केंद्रच नको, तिच्या नियमांना तरी मध्यवर्ती दप्तर कशाला? ज्याने त्याने आपले नियम आपल्यापाशी ठेवावेत. पटतील ते टिकतील. ऐकायला हे लोकशाहीवादी वाटते. आमच्या मते मात्र या भूमिकेतून बलवानाचीच सोय होते.

प्रोटोकॉल म्हणजे दोन अनोळखी यंत्रांनी परस्परांशी कसे बोलावे याविषयीचा करार. कराराचे पालन हजार ठिकाणी होते, म्हणून त्याची संहिताही हजार ठिकाणी निरनिराळी असावी असे होत नाही. ई-मेलचे उदाहरण घ्या. जगातील टपाल कोणा एका सर्व्हरवर अवलंबून नाही. तरीही टपाल पोहोचवण्याचे नियम १९८२ साली आरएफसी ८२१ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले आणि २००१ व २००८ मधील सुधारित संहिताही त्याच मालिकेत आल्या. स्टीव्ह क्रॉकर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेच्या नावाचा अर्थच मुळी ‘अभिप्रायांसाठी विनंती’ असा आहे. तिचा दंडक असा, की प्रसिद्ध झालेला मजकूर बदलायचा नाही. सुधारणा हवी तर नवा क्रमांक घ्यायचा. जॉन पोस्टेल यांनी १९९८ मध्ये निधन होईपर्यंत तिचे संपादन केले, पण त्यामुळे ते ई-मेलचे मालक झाले नाहीत.

आता उलट बाजू पाहू. अ‍ॅक्टिव्हिटीपब हा विकेंद्रित समाजमाध्यमांचा प्रोटोकॉल जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस म्हणून प्रसिद्ध झाला. आलेला संदेश खरोखर त्याच सर्व्हरचा आहे हे कसे पडताळावे, याची बंधनकारक पद्धत मात्र त्यात सांगितलेली नाही. ही पोकळी कोणी भरली? मॅस्टोडॉन या सर्वांत मोठ्या प्रणालीच्या वहिवाटीने. डिजिटल स्वाक्षरीच्या एका कच्च्या मसुद्यावर ती बेतलेली होती. त्या विषयाचे पक्के प्रमाण आरएफसी ९४२१ म्हणून २०२४ मध्ये आले. तोवर इतरांनी मॅस्टोडॉन कसे वागते ते पाहून आपले घडवले होते. लिखित नियम नसला की मोठ्याची सवय हाच नियम होतो, आणि सवयीविरुद्ध दाद कुठे मागणार?

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे नवे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथाची मालकी त्यांच्याकडे गेली नाही. कोणता पाठ समोर ठेवून वाद घालायचा, एवढे मात्र निश्चित झाले. मतभेदालाही सामाईक पाठ लागतो.

दप्तरदाराचा दप्तरमालक होण्याचा धोका आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्यावर दप्तर जाळणे हा उपाय नव्हे. जुने पाठ अबाधित असावेत, बदलाची चर्चा उघड व्हावी, परवाना मुक्त असावा आणि संपूर्ण इतिहासासह प्रत कोणालाही उचलून नेता यावी. या अटी पाळल्या तर रखवालदार बिघडताच दप्तर दुसरीकडे मांडता येते. फेडिव्हर्सच्या सुधारणा-प्रस्तावांचे गिटमधील भांडार याच रीतीने चालते.

केंद्राला विरोध करणाऱ्यांनी विरोध सत्तेला करावा, पत्त्याला नव्हे. नियम कुठे वाचायचे हेच ज्याला ठाऊक नाही, तो स्वतंत्र नसतो. ज्याला ते ठाऊक आहेत त्याच्यावर तो अवलंबून असतो.